सिकलसेल : भावंडाचे दान आणि शंभर दिवसांचे छप्पर

(जुईनगर, नवी मुंबई येथे कार्यकर्ते आणि कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९५२ या वर्षी भारतात दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात जशपूर येथे बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्याचा आरंभ केला. अमरावतीला जन्मलेला, पेशाने वकील असलेला हा माणूस घरदार सोडून अरण्यात गेला आणि तिथलाच झाला. त्याच वर्षी लेहमन आणि कटबुश या दोन संशोधकांनी निलगिरीच्या डोंगरातील जनजातींच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याचे जगाला सांगितले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. एका बाजूला वनवासी बांधवाच्या दाराशी जाऊन बसणारा कार्यकर्ता होता, तर दुसऱ्या बाजूला त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन परत जाणारा शास्त्रज्ञ. सिकलसेलच्या प्रश्नात आज या दोघांची गाठ पडण्याची वेळ आली आहे. ती कशी, हे समजून घेण्यासाठी आधी या आजाराची ओळख करून घेतली पाहिजे.

निलगिरीनंतर सहा वर्षांनी, १९५८ साली, नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे हा आजार आपल्या विदर्भात आहे, ही गोष्ट अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी २००२ साली एका सहकाऱ्यासह महाराष्ट्राचा जो आढावा मांडला, त्यानुसार राज्यातील जनजातींमध्ये सरासरीने दर शंभरांत दहा माणसे या दोषाची वाहक आहेत. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समूहांत हे प्रमाण वीस ते पस्तीसपर्यंत चढते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार हे जिल्हे या आढाव्यात ठळकपणे पुढे आले. तथापि हा केवळ वनवासींचा आजार आहे, ही समजूत चुकीची आहे. विदर्भातील अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे. नोकरीनिमित्त विदर्भ-खानदेशातून नवी मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांबरोबर तो जुईनगर, नेरूळ, कोपरखैरण्यातही पोहोचला असणार. रक्त गावाची वेस मानीत नाही.

आजाराचे मूळ अत्यंत सूक्ष्म आहे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या रेणूत १४६ घटकांची एक साखळी असते. तिच्यातील सहाव्या जागेवरचा एकच घटक बदललेला असतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एवढा एक बदल पुरेसा होतो. शरीरातला प्राणवायू कमी झाला की हे दोषयुक्त रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या ताठ काड्या बनतात आणि एरवी लवचीक, गोलाकार असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकलेली पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. त्यामुळे अंगात रक्त टिकत नाही. शिवाय या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तोडतात. ती वेदना ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला तिचे वर्णन करून सांगावे लागत नाही. हाडे आतून ठणकतात, मूल रात्रभर तळमळते, सकाळी शाळेत जाऊ शकत नाही आणि गुरुजी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आणखी एक रेघ ओढतात. काहींच्या प्लीहेत अचानक रक्त साठून ती फुगते, काहींच्या फुप्फुसांवर आघात होतो, काहींना कोवळ्या वयात पक्षाघाताचा झटका येतो. तरुणपणी खुब्याचे हाड झिजून लंगडत चालणारे रुग्णही थोडे नाहीत.

आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही दोषयुक्त जनुक मिळाले तरच मूल सिकलसेलग्रस्त होते. एकच मिळाला तर ते वाहक. वाहकाला बहुधा काहीच त्रास होत नाही, उलट लहान वयात हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या अरण्यप्रदेशांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, त्याचे कारणही हेच. तेव्हा वाहक असण्यात कोणताही कलंक नाही. त्या भूमीत तग धरून राहिलेल्या पूर्वजांची ती खूण आहे.

या आजारावर औषधे आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी गोळी आहे, तिची उपयुक्तता १९९५ साली मोठ्या चाचणीतून सिद्ध झाली. ती वेदनेचे झटके कमी करते, आयुष्य वाढवते आणि फारशी महागही नाही. मात्र ती आजार समूळ नाहीसा करीत नाही. रक्त ज्या कारखान्यात तयार होते, तो कारखानाच सदोष असेल तर आतून बाहेर पडणारा माल कितीही दुरुस्त केला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सदोष मालच बाहेर येणार. हा कारखाना म्हणजे हाडांच्या पोकळीतील मज्जा. त्या मज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. इंग्रजीत त्यांना स्टेम सेल म्हणतात आणि वर्तमानपत्रांमुळे तो शब्द आता मराठीतही रुळला आहे. या मूलपेशी बदलल्या तर रक्त बदलते. मूलपेशी प्रत्यारोपणामागचा विचार एवढाच आहे.

हा विचार प्रत्यक्षात आला तो काहीशा योगायोगाने. अमेरिकेत मेंफिस येथील रुग्णालयात आठ वर्षांची एक मुलगी होती. तिला जन्मतः सिकलसेल होता, त्यात रक्ताचा कर्करोग झाला. कर्करोगासाठी तिला भावाची मज्जा देण्यात आली. कर्करोग तर गेलाच, पण तिच्या रक्तातील विळेही नाहीसे झाले. १९८४ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि सिकलसेल बरा होऊ शकतो, हे वैद्यकविश्वाला प्रथमच दिसले. याबाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. मेंफिसचा वृत्तांत छापून येण्याच्या आदल्या वर्षी, १९८३ च्या मार्चमध्ये, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा देऊन भारतातील पहिले मज्जा-प्रत्यारोपण केले होते. १९८६ साली वेल्लोर येथेही हे काम सुरू झाले. जे तंत्र मुंबईत चाळीस वर्षांहून अधिक काळ हाताशी आहे, ते गडचिरोलीच्या मुलापर्यंत का पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ पैशात नाही.

प्रत्यारोपण म्हणजे शस्त्रक्रिया, असा अनेकांचा समज असतो. मूत्रपिंड बसवतात तशी नवी मज्जा बसवत असावेत, असे वाटते. प्रत्यक्षात रुग्णावर शस्त्रक्रिया होतच नाही. दात्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढून घेतात. ती पुढील काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. रुग्णाला मात्र आधी कठोर औषधे देऊन त्याची जुनी मज्जा रिकामी करावी लागते. मग दात्याची मज्जा रक्ताच्या बाटलीसारखी शिरेतून चढवली जाते. त्यातील मूलपेशी आपला मार्ग आपण शोधीत हाडांच्या पोकळीत जाऊन वस्ती करतात. हे कसे घडते ते पाहून जुन्या डॉक्टरांनाही अजून नवल वाटते. साधारण दोन-तीन आठवड्यांत नवे रक्त दिसू लागते. तोपर्यंतचे दिवस धोक्याचे असतात. अंगात पांढऱ्या पेशी नाहीत, म्हणजे घरावर पहारा नाही. साध्या सर्दीचा जंतूही जिवावर बेतू शकतो. म्हणून रुग्णाला गाळलेल्या हवेच्या स्वतंत्र खोलीत ठेवतात. आई असली तर ती एकटी आत, तीही तोंडावर पट्टी बांधून.

नवी मज्जा रुजली तरी काम संपत नाही. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरालाच परके समजून त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला चढवू शकतात. तो आवरण्यासाठी महिनोन्‌महिने औषधे घ्यावी लागतात. पहिले शंभर दिवस रुग्णालयाच्या जवळ, स्वच्छ जागेत, बाहेरचे अन्न टाळून राहावे लागते आणि वारंवार रक्ततपासणी करावी लागते. या शंभर दिवसांकडे पुन्हा वळायचे आहे.

यश किती मिळते? १९८६ ते २०१३ या काळात जगभरात पूर्णपणे जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण झालेल्या एक हजार सिकलसेलग्रस्तांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर त्यांपैकी सुमारे ९३ टक्के जिवंत होते आणि ९१ टक्के आजारमुक्त. वय जितके कमी, तितके यश अधिक, हेही त्यातून स्पष्ट झाले. आकडे आशादायक आहेत यात शंका नाही. पण त्याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की, शंभरांतील सात जण वाचले नाहीत. आणि येथेच आई-बापांची खरी कसोटी लागते.

रक्ताच्या कर्करोगात निर्णय त्या मानाने सोपा असतो, कारण प्रत्यारोपण केले नाही तर मूल जाणार हे बहुधा ठरलेलेच असते. सिकलसेलचे मूल आज शाळेत जाते आहे, खेळते आहे. मधूनमधून दुखणे येते आणि जाते. भारतातील कित्येक रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहते आणि त्यामुळे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा त्यांचा आजार काहीसा सौम्य असतो. काहींचा, सर्वांचा नव्हे. विदर्भातील अनेक मुलांचा आजार तीव्र आहे. मग हसत्याखेळत्या मुलाला त्या काचेच्या खोलीत न्यायचे की नाही? शिवाय त्या कठोर औषधांमुळे पुढे अपत्यप्राप्तीत अडथळा येऊ शकतो. आठ वर्षांच्या मुलीच्या वतीने हा निर्णय कोणी घ्यायचा? ज्या मुलाला पक्षाघात होऊन गेला, ज्याच्या फुप्फुसांना पुन्हापुन्हा झटके येतात, गोळी नियमित घेऊनही ज्याची वेदना थांबत नाही, त्याच्यासाठी तज्ज्ञ प्रत्यारोपण सुचवतात. बाकीच्यांसाठी विचारविनिमयाला जागा आहे. जो कोणी वस्तीवर जाऊन ‘स्टेम सेलने सगळे बरे होतात’ असे सांगेल, तो त्या कुटुंबाचे हित करणार नाही. आणि जो ‘हा श्रीमंतांचा उपचार, तुमच्यासाठी नाही’ म्हणून गप्प बसवील, त्याचा दोष त्याहून मोठा समजला पाहिजे.

दाता मिळणे हा पुढचा अडसर. मज्जा जुळण्यासाठी एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक. शिवाय ते भावंड स्वतः सिकलसेलग्रस्त असून चालत नाही. वाहक असले तर चालते. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मूल आजारातून सुटण्याची शक्यता चारांत तीन. दोन्ही गोष्टींचा एकत्र हिशेब केला तर एका भावंडाकडून योग्य दान मिळण्याची शक्यता सोळांत तीन, म्हणजे पाचांत एकाहूनही कमी. भावंडे दोन असतील तर साधारण तिसरा हिस्सा. याचा सरळ अर्थ असा की, बहुसंख्य रुग्णांना घरात दाता मिळणार नाही. आई किंवा वडील यांच्या अर्ध्या जुळणाऱ्या मज्जेवर प्रत्यारोपण करण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत. त्यांचे निकाल सुधारत आहेत, परंतु त्यांत जोखीम अधिक आहे.

बाहेरचा दाता शोधायचा तर नोंदणीसंस्था आहेत. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. मात्र तिथे एक अडचण आहे, आणि ती समाजाने प्रांजळपणे समजून घ्यावी अशी आहे. एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने येतात. शतकानुशतके जाती-जमातींच्या आतच विवाह होत आल्यामुळे त्या त्या समूहातच जुळणारा दाता मिळण्याचा संभव अधिक. अशा नोंदणीचे आवाहन ऐकू येते ते बहुधा शहरातील महाविद्यालयांत आणि कार्यालयांत. पावरा मुलासाठी पावरा दाता हवा असेल, तर त्याच्या डोंगरात जाऊन कोण नोंदणी करून घेणार? नवी मुंबईच्या तरुणाने आपली नोंदणी अवश्य करावी, त्याने कोणा ना कोणाचे प्राण वाचू शकतील. पण सिकलसेलसाठी नोंदणीचा फॉर्म धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, भामरागड-एटापल्लीपर्यंत गेला पाहिजे. जिथे वर्षानुवर्षे एकल विद्यालये आणि आरोग्यरक्षकांचे काम उभे आहे, तिथे जाण्याची वाट आधीच पडलेली आहे.

मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. बाळंतपणाच्या वेळी नाळेतील रक्त साठवून ठेवण्याच्या जाहिराती घरोघरी येतात. ‘बाळाचा जैविक विमा’ असे तिचे वर्णन केले जाते आणि होऊ घातलेले आई-बाप हौसेने वा धास्तीने हजारो रुपये भरतात. नाळेतील रक्तात मूलपेशी असतात, हे खरे. परंतु जन्मजात आजारात बाळाच्या स्वतःच्या नाळेचा त्याला उपयोग नाही, कारण दोषयुक्त जनुक त्या पेशींतही असतोच. मोठे भावंड सिकलसेल किंवा थॅलेसेमियाने आजारी असेल, तर मात्र धाकट्याच्या नाळेचे रक्त जपून ठेवण्याला अर्थ आहे. तिथे वैद्यकीय सल्ल्याने ते जरूर करावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक विकारांतील असे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. मधुमेहापासून मतिमंदत्वापर्यंत सगळ्यांवर स्टेम सेलची इंजेक्शने देणारी दुकाने त्यात मोडत नाहीत.

आता त्या शंभर दिवसांकडे वळू. कल्पना करावी की, अक्कलकुव्याच्या पलीकडे सातपुड्यात एक कुटुंब आहे. थोरली मुलगी नऊ वर्षांची, सिकलसेलग्रस्त. धाकट्या भावाची मज्जा पूर्णपणे जुळली आहे. सोळांतील ते तीन तिच्या वाट्याला आले. खासगी रुग्णालयात असा खर्च साधारण दहा-पंधरा लाखांच्या घरात जातो. तो सरकारी निधी, धर्मादाय न्यास, दाते यांच्याकडून उभा राहिला, असेही धरू. बोरिवलीला मुंबई महापालिकेचे मुलांच्या रक्तविकारांसाठी प्रत्यारोपण केंद्र आहे. तिथे किंवा अन्यत्र जागाही मिळाली. आता बाप, आई, मुलगी आणि दाता असलेला धाकटा, असे चौघे नंदुरबारहून सुरतमार्गे गाडीने मुंबईत उतरतात. मुलगी आत महिनाभर. आई तिच्यासोबत. बाप आणि पाच वर्षांचा मुलगा कुठे राहणार? नंतरचे दोन-अडीच महिने चौघे कुठे राहणार? स्वच्छ संडास, उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न आणि रात्री ताप आला तर तासाभरात रुग्णालय, एवढ्या अटी असलेली जागा मुंबईत किती भाड्याने मिळते? गावाकडे पेरणीचे दिवस गेलेले असतात. शेळ्या शेजाऱ्याकडे सोडलेल्या असतात. मुलीच्या औषधांची नावे बापाला वाचता येत नाहीत आणि रुग्णालयात बोलली जाणारी मराठीसुद्धा त्याच्या पावरी बोलीहून वेगळी. पैसा मिळूनही कुटुंब उपचार अर्धवट सोडून परत जाते ते अशा वेळी. डॉक्टरांच्या वहीत त्याला ‘पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण’ म्हणतात.

हे काम नवे नाही. डॉ. हेडगेवार यांचे चरित्रकार नाना पालकर १९६७ साली गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या स्मरणार्थ परळला समिती उभी राहिली. केईएम आणि टाटा रुग्णालयांत बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांना व नातेवाइकांना अल्प दरात निवारा देण्याचे तिचे काम कोणाला सांगावे लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे सुरू केले, त्यांना मूलपेशी प्रत्यारोपण ठाऊक नव्हते. रुग्णाबरोबर येणाऱ्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी, एवढे ठाऊक होते. जुईनगरहून चौथे स्थानक खारघर. तिथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन व उपचार संस्था आहे आणि तिच्यात मज्जा-प्रत्यारोपणही होते. ते प्रामुख्याने कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे, सिकलसेलच्या मुलांचा तो पत्ता नव्हे. परंतु शंभर दिवसांचे गणित त्या रुग्णांनाही तेच लागू पडते. तेव्हा ज्या सोसायटीत एखादी सदनिका रिकामी आहे, तिच्या मालकाला वर्षातले तीन महिने ती द्यायला सांगणे हे व्यवहारात किती अवघड आहे, याची कार्यकर्त्याला पूर्ण कल्पना असते. सोसायटीचे सचिव हरकत घेतात, शेजारी ‘रोग लागेल का’ म्हणून विचारतात. सिकलसेल संसर्गजन्य नाही. उलट धोका असतो तो त्या मुलीला, शेजाऱ्यांच्या खोकल्यापासून. हे जिन्यात उभे राहून दहा वेळा समजावून सांगणे, हाच त्या सेवाकार्याचा मोठा भाग आहे.

रक्ताची गोष्ट याहून सोपी आहे. प्रत्यारोपणाच्या काळात रुग्णाला तांबडे रक्त आणि बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, वारंवार लागतात. आपल्याकडे रुग्णाला रक्त लागले की प्रथम घरच्यांनी हात पुढे करावा, ही रीत. येथे ती उलटते. ज्या भावाची मज्जा घ्यायची आहे त्याचे, किंवा आई-बापांचे रक्त प्रत्यारोपणाआधी रुग्णाला देत नाहीत. ते दिल्यास शरीर त्या खुणांविरुद्ध सावध होते आणि नंतर आलेली मज्जा नाकारू शकते. म्हणजे या मुलीला परक्याचेच रक्त हवे. मुंबईत ज्यांचे कोणी ओळखीचे नाही, त्या बापाने परके तरी कुठून आणावेत? बिंबिकादानाला यंत्राशी जोडून साधारण दीड-दोन तास लागतात आणि त्या फार दिवस साठवता येत नाहीत. त्यामुळे वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या शिबिरापेक्षा, हाक आल्यावर कामावरून दोन तास निघू शकणाऱ्या पंधरा-वीस जणांची यादी येथे अधिक उपयोगी पडते. यादीतली नावे रक्तगटानुसार लावलेली असावीत. दूरध्वनी उचलणारा माणूस एकच असावा.

पुढच्या काळात दात्याचीच गरज उरणार नाही, असेही चित्र दिसू लागले आहे. रुग्णाच्याच मूलपेशी काढून, त्यांच्या जनुकात दुरुस्ती करून त्या परत देण्याच्या दोन उपचारांना डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यांतील स्वस्त उपचाराची किंमत २२ लाख डॉलर. सातपुड्याशी या आकड्याचा काही संबंध जोडता येत नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मधील घोषणेला महत्त्व आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेल्या स्वदेशी जनुक-संपादन उपचाराला ‘बिरसा १०१’ असे नाव देण्यात आले आणि ते तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. भगवान बिरसा मुंडा यांच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षी हे नाव ठेवले गेले, ते समर्पक आहे. मात्र नाव ठेवल्याने उपचार वस्तीवर पोहोचत नाही. रुग्णांवरील चाचण्यांचा लांबचा रस्ता अशा प्रत्येक उपचाराला चालावाच लागतो. आणि तो तयार होईल तेव्हाही कठोर औषधे, काचेची खोली आणि त्यानंतरचे दिवस चुकणार नाहीत.

तोवर हजारो मुलांना हायड्रॉक्सियुरियाची गोळी, न्यूमोनियाविरोधी लस, भरपूर पाणी आणि वेळेवर तपासणी यांवरच जगायचे आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ केला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. त्याच्या कितीतरी आधी नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया स्थापून रुग्णांना एकत्र आणले होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तपासणीत वाहक कोण हे कळते, कार्ड मिळते आणि लग्न ठरवताना दोन्हीकडची कार्डे पाहावीत, असा सल्ला दिला जातो. वाहकाने वाहकाशी विवाह केला नाही, तर पुढच्या पिढीत हा आजार येण्याचा धोका मोठ्या प्रमाणात टळतो. पत्रिकेचे छत्तीस गुण पाहणाऱ्या समाजाला हा सदतिसावा गुण पाहणे जड जाऊ नये. परंतु अनुभव असा की, मुलीचे कार्ड लपवले जाते आणि मुलाचे कोणी मागतच नाही.

याच कार्डाविषयी एक गोष्ट, जी रुग्णाच्या कुटुंबालाही कित्येकदा सांगायची राहून जाते. प्रत्यारोपणाने मुलीचे रक्त बदलते. तिचा रक्तगट भावाहून वेगळा असेल तर तोही बदलून भावाचा होतो. दहा-बारा वर्षांनी लग्नाच्या वेळी तिचे रक्त तपासले, तर अहवालात भावाचेच हिमोग्लोबिन दिसेल. भाऊ निर्दोष असेल तर अहवालही निर्दोष येईल. पण प्रत्यारोपणाने बदलले ते केवळ मज्जेतले, बीजातले नाही. तिला अपत्य झाले तर ते किमान वाहक असणारच, आणि नवरा वाहक निघाला तर दोघांच्या मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी. म्हणून मुलगी बरी होऊन गावी परत निघेल, तेव्हा औषधांच्या पिशवीत तिचे जुने, आजार नोंदवलेले कार्डही ठेवून द्यावे आणि ते का फेकायचे नाही, हे आईला तिच्या बोलीत नीट समजावून सांगावे.